मायल क्रीकचे स्मारक कॅराव्हॅन घेऊन पाहताना : तयारी, क्रम आणि टाळायच्या चुका

न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात ग्वायडर नदीच्या काठी बिंगारा नावाचे छोटे गाव आहे आणि तिथून ईशान्येला सुमारे 23 किलोमीटरवर मायल क्रीक हत्याकांडाचे स्मारक आहे. सिडनी किंवा ब्रिस्बेनहून कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन निघालेली मंडळी हे स्मारक बहुतेक वेळा टॅमवर्थ आणि इन्व्हरेल यांच्या मधला अर्ध्या तासाचा थांबा म्हणून उरकतात. मागे दोन टनांचा डबा, गाडीत भुकेली मुले, डोक्यात पुढच्या मुक्कामाची घाई, अशा अवस्थेत कोणी तो रस्ता शेवटपर्यंत चालत नाही, फलक वाचत नाही आणि गावाकडे तर पाहतही नाही. या सगळ्याचे मूळ चुकीच्या क्रमात असते. आधी बिंगाऱ्यात मुक्काम टाकावा, कॅराव्हॅन तिथेच सोडावी, रात्रीची झोप घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसत्या गाडीने स्मारकावर जावे, हा या लेखातील मुख्य आग्रह आहे. बाकीचे टप्पे हा क्रम पाळता यावा यासाठी आहेत.

## टप्पा 1 : निघण्यापूर्वी घरी बसून समजून घेण्याच्या गोष्टी

स्मारकावर उभे राहून मोबाइलवर शोधाशोध करण्यापेक्षा घटना आधीच नीट माहीत असावी. ती थोडक्यात अशी. 10 जून 1838 रोजी दुपार कलताना, हेन्री डँगर यांच्या मालकीच्या मायल क्रीक येथील गुरांच्या ठाण्यावर, तिथे वस्तीला असलेल्या विरायाराय या मूळ रहिवासी समाजाच्या लोकांपैकी किमान 28 जणांना गुराख्यांच्या एका घोडेस्वार टोळीने दोराने बांधून नेले आणि ठार केले. मारल्या गेलेल्यांत प्रामुख्याने स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते, कारण तरुण पुरुष त्या दिवशी कामासाठी दुसऱ्या ठाण्यावर गेले होते. नंतर प्रेते जाळण्यात आली. ठाण्याचे व्यवस्थापक विल्यम हॉब्ज यांनी प्रकरण वर कळवले आणि झोपडीचा राखणदार जॉर्ज अँडरसन, जो स्वतः शिक्षा भोगत असलेला कैदी होता, त्याने न्यायालयात साक्ष दिली. टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग निसटला. बाकीच्या अकरा जणांना पहिल्या खटल्यात ज्यूरीने निर्दोष ठरवले, परंतु दुसऱ्या खटल्यात सात जण दोषी ठरले आणि 18 डिसेंबर 1838 रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, बिंगारा गाव त्या वेळी अस्तित्वातच नव्हते. ते नंतर, सोन्याच्या शोधाच्या काळात वाढले. त्यामुळे पेट्रोल भरणाऱ्या किंवा पाव विकणाऱ्या माणसाला, जणू त्याच्या आजोबांनी ते केले, अशा सुरात प्रश्न विचारणे चुकीचे आहे. दुसरी, सात जणांना फाशी झाली याचा अर्थ हिशेब मिटला असा घेऊ नये. या खटल्याचे वेगळेपण इतकेच, की वसाहतीच्या काळात मूळ रहिवाशांच्या हत्येबद्दल गोऱ्या माणसांना शिक्षा झाल्याची उदाहरणे अगदी मोजकी आहेत. “बरं झालं, न्याय तरी मिळाला” असे वाक्य स्मारकावर मोठ्याने उच्चारण्यापूर्वी शेजारी उभी असलेली व्यक्ती कदाचित मेलेल्यांच्या वंशातली असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

मुलांना काय सांगायचे हेही घरीच ठरवावे. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना “इथे राहणाऱ्या माणसांना अन्यायाने मारले आणि त्यांचे नातलग आजही त्यांची आठवण काढायला इथे येतात” एवढे पुरते. त्याहून मोठ्या मुलांपासून काही लपवू नये, कारण फलकांवर सर्व लिहिलेले आहे आणि ती ते वाचणारच. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्यासाठी मराठीत चार ओळींचा मजकूर कागदावर लिहून ठेवावा. तसे न केल्यास प्रत्येक फलकापाशी घरातील कोणीतरी मोठ्या आवाजात भाषांतर करू लागते आणि शांतपणे उभ्या असलेल्या इतरांना त्याचा त्रास होतो.

तपासा : गाडीतील प्रत्येकाला, चालकासह, आपण कोणत्या प्रकारच्या जागी चाललो आहोत हे ठाऊक आहे का? एखाद्या मुलाला “पिकनिकला चाललोय” असे सांगितले असेल तर ते निघण्यापूर्वी दुरुस्त करावे.

## टप्पा 2 : दिवस निवडणे

येथे दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या भेटी संभवतात आणि त्यांची सरमिसळ करू नये.

दरवर्षी जूनमधील दुसऱ्या सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते. तिच्या आदल्या रविवारी मायल क्रीक येथे स्मरणविधी होतो. त्या दिवशी लांबून लोक येतात, मूळ रहिवाशांच्या परंपरेप्रमाणे धुराचा विधी होतो आणि सर्वजण मिळून स्मारकापर्यंत चालत जातात. त्या दिवशी जायचे असेल तर मुक्कामाची जागा बरीच आधी आरक्षित करावी, कार्यक्रमाची वेळ आणि गाड्या लावण्याची व्यवस्था गावातील माहिती केंद्राकडून विचारून घ्यावी आणि बसण्यासाठी घडीच्या खुर्च्या न्याव्यात. विधी चालू असताना मध्येच उठून पुढे जाऊन व्हिडिओ काढणे, किंवा धुरातून चालायचे की नाही यावर रांगेत कुजबुजत चर्चा करणे, टाळावे; संकोच वाटत असेल तर बाजूला शांत उभे राहिले तरी कोणाला वावगे वाटत नाही.

ज्यांना शांतपणे वाचायचे आणि चालायचे आहे त्यांनी मात्र हा शनिवार-रविवार सोडून साधा दिवस निवडावा. एप्रिल-मे आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने सोयीचे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारचे ऊन कडक असते आणि गवतात साप असतात. जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, त्यामुळे कॅराव्हॅनमध्ये हीटर आणि जाड पांघरुणे असल्याखेरीज लहान मुलांना घेऊन जाऊ नये.

## टप्पा 3 : वजन, जोडणी आणि परवाना

बहुतेक अपघातांची बीजे घराच्या दारातच पेरली जातात, म्हणून या टप्प्याला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी.

कॅराव्हॅनच्या पाटीवर दोन आकडे असतात : टेअर, म्हणजे रिकामे वजन, आणि एटीएम, म्हणजे भरलेल्या अवस्थेत परवानगी असलेले कमाल वजन. या दोहोंतील फरक म्हणजे आपल्याला भरता येणारा माल. समजा एटीएम 2500 किलो आहे आणि टेअर 2050 किलो. म्हणजे हाती 450 किलो राहतात. पाण्याच्या टाक्यांत मिळून 180 लिटर पाणी भरले की 180 किलो गेले, नऊ-नऊ किलोच्या दोन सिलिंडरांतील गॅसचे 18 किलो गेले आणि उरले 252. त्यात कपडे, अंथरुणे, खुर्च्या, मांडव, सायकली आणि आपल्या घरांतून हमखास चढणारी तांदळाची पिशवी, कणीक, मिक्सर, कुकर आणि लोखंडी तवा. जड सामान चाकांच्या आसाच्या वर, जमिनीलगत ठेवावे. मागच्या टोकाला जड वस्तू ठेवल्यास कॅराव्हॅन वेगात डोलू लागते.

गाडीच्या हुकावर पडणारा भार साधारणपणे भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा आणि तो गाडीच्या मर्यादेत बसला पाहिजे. अंदाजाने ठरवू नये. सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा गाडी आणि कॅराव्हॅन दोन्ही तोलून घ्यावीत.

जोडताना क्रम असा ठेवावा : हुक बसवून कुलूपबंद करणे, जॉकी व्हीलने (कॅराव्हॅनच्या पुढच्या टोकाखालचे वर-खाली करता येणारे छोटे चाक) थोडा वर जोर देऊन हुक खरोखर अडकला आहे ना हे पाहणे, सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींवरून तिरप्या अडकवणे, विजेचा प्लग लावणे, जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन बांधणे आणि सर्वांत शेवटी कॅराव्हॅनचा हँडब्रेक सोडणे. त्यानंतर एकाने मागे उभे राहून ब्रेकचे व वळणाचे दिवे तपासावेत. रस्त्याला लागण्यापूर्वी रिकाम्या जागी ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने इलेक्ट्रिक ब्रेक हाताने दाबून पाहावा.

परवान्याबाबत दोन गोष्टी. न्यू साउथ वेल्समधील पी-1, म्हणजे नवशिक्या चालकाच्या पहिल्या टप्प्यातील, परवानाधारकाला 250 किलोंपेक्षा अधिक रिकाम्या वजनाचा ट्रेलर ओढता येत नाही, म्हणून नुकता परवाना मिळालेल्या मुलाच्या हाती ‘थोडा वेळ’ देऊ नये. तसेच गाडी व कॅराव्हॅन मिळून उत्पादकाने ठरवलेली कमाल मर्यादा, म्हणजे जीसीएम, 4.5 टनांहून अधिक असेल तर या राज्यात ताशी 100 किलोमीटरच्या वर जाता येत नाही, मग रस्त्यावरची पाटी 110 ची का असेना.

सावधान : चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसू किंवा झोपू नये. आजोबांना पाठ टेकायची आहे किंवा बाळ झोपले आहे ही सबब चालत नाही. ते बेकायदा आहे आणि जीवघेणेही. गॅसचे सिलिंडर प्रवासात बंद असावेत.

## टप्पा 4 : रस्ता आणि पोहोचण्याची वेळ

सिडनीहून हे अंतर एका दिवसात कापण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या दिवशी न्यू इंग्लंड हायवेने मसलब्रुक, स्कोन, मरुरुंडी असे करत टॅमवर्थ गाठावे; हे सुमारे 400 किलोमीटर होतात आणि मरुरुंडीनंतरच्या चढाला ओझे घेतलेले इंजिन तापते, म्हणून तिथे घाई नको. दुसऱ्या दिवशी फॉसिकर्स वे या रस्त्याने मनिला आणि बराबा मार्गे बिंगारा, सुमारे 150 किलोमीटर. आकडा लहान दिसतो, पण बराबानंतर रस्ता डोंगरांतून वळणावळणांनी जातो आणि दोन्ही बाजूंना गुरे व कांगारू असतात. सकाळी नऊनंतर निघून दुपारी दोन-तीनपर्यंत पोहोचणे हे सर्वांत उत्तम. इंधन टॅमवर्थ किंवा मनिला येथेच भरून घ्यावे.

गाडी आणि कॅराव्हॅन मिळून लांबी साडेसात मीटरच्या पुढे जातेच. अशा वाहनाने वस्तीबाहेर दुसऱ्या लांब वाहनामागे किमान 60 मीटर अंतर राखणे हा ऑस्ट्रेलियातील नियम आहे. पुष्कळांना तो माहीत नसतो आणि ट्रकच्या मागे चिकटून चालवण्याची आपली जुनी सवय इथे महागात पडते. मागे गाड्यांची रांग लागली तर थांबण्याच्या मोकळ्या जागी बाजूला व्हावे. यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांमध्ये आपसांत बोलण्याचा वायरलेस, असेल तर ट्रकचालक सहसा 40 क्रमांकाच्या आणि कॅराव्हॅनवाले 18 क्रमांकाच्या चॅनेलवर असतात.

कॅराव्हॅन डोलू लागल्यास गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये. स्टिअरिंग सरळ धरावे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू उचलावा आणि हाताच्या नियंत्रकाने फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लावावेत. ही कृती चालकाने निघण्यापूर्वी चार वेळा हाताने करून पाहिलेली असावी, कारण प्रसंग आला की विचाराला वेळ नसतो.

## टप्पा 5 : बिंगाऱ्यात मुक्काम टाकणे

गावात नदीजवळ कॅराव्हॅन पार्क आहे आणि ग्वायडरच्या काठाने मोफत तळ ठोकण्याच्या जागाही आहेत. स्वतःचे संडास आणि सांडपाण्याची टाकी नसलेल्यांनी पार्कातच राहावे. मोफत जागा निवडल्यास अगदी पाण्याच्या कडेला उभे राहू नये. वरच्या बाजूला कोपटन धरण आहे, तिथून पाणी सोडले किंवा पाऊस झाला की पातळी चढते. वाळलेल्या फांद्या लटकलेल्या मोठ्या झाडाखालीही नको.

जागेवर आल्यानंतरचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. यातील तिसरी आणि चौथी पायरी उलटसुलट केल्यामुळे कॅराव्हॅन घरंगळण्याचे प्रकार घडतात.

1. गाडीतून उतरून जागा पायी पाहावी : फांद्या, नळ, विजेचा खांब, उतार.
2. एका व्यक्तीने बाहेर उभे राहून इशारे द्यावेत. ती आरशात दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली की चालकाने थांबायचे, हे आधीच ठरलेले असावे.
3. डावी-उजवी पातळी गाडी जोडलेली असतानाच साधावी, खालच्या बाजूच्या चाकाखाली उतरती फळी घालून. त्यानंतर हँडब्रेक आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओट्या, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून लावायचे अडसर. ओट्या लागल्याशिवाय साखळीला हात लावू नये.
4. जॉकी व्हील खाली घेऊन प्लग, साखळ्या आणि हुक सोडवावा, गाडी पुढे काढावी, मग जॉकी व्हीलने पुढची-मागची पातळी साधावी.
5. चार कोपऱ्यांचे पाय टेकवावेत. ते केवळ स्थिर ठेवण्यासाठी असतात; त्यांनी कॅराव्हॅन उचलण्याचा प्रयत्न केल्यास चौकट वाकते.
6. खांबावरचे बटण बंद असताना विजेची तार दोन्हीकडे जोडावी आणि मग बटण चालू करावे.
7. पिण्याच्या पाण्यासाठीची वेगळी नळी, तिला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, नंतर सांडपाण्याची नळी, आणि सर्वांत शेवटी गॅस.

विजेबाबत एक नेहमीची गफलत सांगायला हवी. कॅराव्हॅनचा प्लग 15 अँपिअरचा असतो आणि घरचे सॉकेट 10 अँपिअरचे, म्हणून निघण्यापूर्वी फ्रिज घरी थंड करण्यासाठी काही जण प्लगची जाड अर्थिंगची पट्टी कानशीने घासून बारीक करतात. हे बेकायदा आणि धोक्याचे आहे; योग्य अ‍ॅडॉप्टर विकत मिळतो.

थंडीत रात्री नळीतील पाणी गोठते, तेव्हा झोपण्यापूर्वी किटली आणि एक भांडे भरून ठेवावे व नळी काढून ठेवावी. फोडणी करताना छताची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर धुराचा अलार्म साऱ्या पार्काला जागे करतो. शक्य असेल तर तळणे आणि फोडणी बाहेरच्या शेगडीवरच करावी. ऊब येण्यासाठी गॅसची शेगडी पेटवून खिडक्या लावून झोपणे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. आणि पहाटे सहाला कुकरच्या शिट्ट्या नकोत. शेजारची मंडळी काही बोलत नाहीत, पण ऐकत असतात.

तपासा : ओट्या लागल्या आहेत, गाडी मोकळी आहे, इंधन पुरेसे आहे, स्मारकापर्यंतचा नकाशा फोनमध्ये डाउनलोड झालेला आहे.

## टप्पा 6 : स्मारकाची भेट

सकाळी पोटभर न्याहारी करून आणि गावातच स्वच्छतागृह वापरून निघावे. जाऊन-येऊन, चालण्यासह, अडीच तास मोकळे ठेवावेत आणि त्या दिवशी दुपारनंतर लांबचा प्रवास ठेवू नये. बिंगारा ते डेलुंग्रा या रस्त्याने जाताना व्हिटलो रोड जिथे मिळतो त्या कोपऱ्यावर स्मारक आहे. कॅराव्हॅन मागे नसल्यामुळे वळण चुकले तरी सहज परतता येते. मागे असती तर तेवढ्यासाठी कित्येक किलोमीटर पुढे जावे लागले असते.

गाडी लावल्यावर लगेच चालायला लागू नये. मुलांचे खाणे, पाणी, फोन शांत करणे, टोप्या, हे सर्व गाडीपाशी उरकून घ्यावे. डबा उघडायचा असल्यास तोही इथेच. पायवाटेवर खाणे-पिणे नको. कुत्रा बरोबर असेल तर मोठ्यांपैकी एकाने आळीपाळीने त्याच्यापाशी थांबावे.

पायवाट सुमारे 600 मीटर लांबीची, तांबड्या खडीची आणि वळणे घेत जाणारी आहे. वाटेत ठरावीक अंतराने सात अंडाकृती शिळा असून प्रत्येकीवर फलक आहे. त्यावरील मजकूर इंग्रजीत आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या गमिलराय भाषेत आहे. वाटेच्या शेवटी एक मोठी ग्रॅनाइटची शिळा आहे आणि तिथून ज्या उतारावर हत्या झाली तो भाग दिसतो. सात शिळा क्रमाने वाचल्या तर शेवटच्या शिळेपाशी नक्की काय पाहत आहोत हे उलगडते. घाईत थेट शेवटी जाऊन फोटो काढून परतणाऱ्याला तिथे फक्त गवताळ उतार आणि झाडे दिसतात आणि “इतक्या लांब यासाठी आलो?” असे वाटते. म्हणून प्रत्येक फलकापाशी थांबावे. आधीच कोणी वाचत असेल तर मागे चार पावले उभे राहून त्यांचे होऊ द्यावे.

वाट वृद्धांना चालण्याजोगी आहे, पण थांबत थांबत जाताना पाय दुखतात. घडीचे छोटे स्टूल बरोबर ठेवावे. ज्यांना शेवटपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी जिथवर जमेल तिथवर जाऊन परतावे. त्यांना अर्ध्या वाटेवर एकटे बसवून इतरांनी पुढे जाऊ नये.

आता आपल्या सवयींबद्दल, कारण चुका बहुधा सद्भावनेतूनच होतात. समाधीसमोर किंवा हुतात्मा स्मारकासमोर आपण उदबत्ती लावतो, हळदकुंकू वाहतो, हार घालतो, नाणे ठेवतो. इथे यांतील काहीही करू नये. उदबत्ती आणि निरांजन म्हणजे कोरड्या गवतात उघडी ज्योत. टोटल फायर बॅनच्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी असलेल्या, दिवशी तो गुन्हाही ठरतो. हळदकुंकवाचे डाग ग्रॅनाइटवर बसतात. शिवाय त्या जमिनीवर कोणता विधी करायचा हे ठरवण्याचा हक्क विरायाराय लोकांचा आणि त्यांच्या वंशजांचा आहे, पाहुण्यांचा नाही. हात जोडून उभे राहणे पुरेसे आहे. चपला-बूट काढण्याची गरज नाही. गवतात काटे असतात, आणि उन्हाळ्यात त्याहून वाईट काही.

आधीच्या कोणी ठेवलेल्या वस्तू दिसल्या तर त्यांना हात लावू नये. दगड, बी, फांदी, मूठभर माती यांपैकी काहीही आठवण म्हणून उचलू नये. शिळांवर मुलांना चढवू नये, फलकांवरील अक्षरे बोटांनी घासू नयेत. 10 जून 2000 रोजी हे स्मारक खुले झाले तेव्हा मेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज एकत्र उभे राहिले होते. पुढे 2005 मध्ये कोणीतरी फलकांची नासधूस केली आणि ते दुरुस्त करावे लागले. तेव्हा एखाद्या फलकाची मोडतोड दिसली तर स्वतः काही करण्याऐवजी गावातील माहिती केंद्रात सांगावे. 2008 पासून ही जागा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत आहे, त्यामुळे नुकसान करणे हे केवळ असभ्यपणाचे राहत नाही.

फोटोंबाबत : वाटेचे, शिळांचे, उताराचे फोटो काढावेत. कुटुंबाचा हसरा सामूहिक फोटो आणि सेल्फी इथे नकोत, ते नदीकाठी काढावेत. ड्रोन उडवू नये. इतर लोक, विशेषतः मूळ रहिवासी समाजाचे कुटुंब आलेले असेल तर, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नये आणि “एक फोटो काढू का?” असेही विचारू नये, ते घरच्या माणसांसाठी आलेले असतात. त्यांनी आपण होऊन बोलणे सुरू केले तर ऐकावे. आपल्याकडच्या इतिहासातील दाखले देऊन तुलना सुरू करण्याचा मोह फार होतो. तो आवरावा.

सावधान : परतताना गाडीत लगेच गाणी लावण्याची घाई करू नये. मुले प्रश्न विचारतात ते याच वीस मिनिटांत. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, काहीतरी रचून सांगू नये.

## टप्पा 7 : गावाला वेळ देणे

स्मारक पाहून त्याच दुपारी गाव सोडणाऱ्यांना बिंगारा म्हणजे एका दुःखद घटनेचे नाव एवढेच लक्षात राहते, आणि तिथे राहणाऱ्यांवर तो अन्याय आहे. मेटलंड स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर रॉक्सी नावाचे थिएटर आहे. ग्रीक स्थलांतरितांनी ते 1936 मध्ये उघडले होते आणि आता ते दुरुस्त करून पुन्हा वापरात आणले आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रीक कॅफेंवरचे संग्रहालयही तिथेच आहे. परक्या देशात येऊन छोट्या गावात दुकान थाटणाऱ्यांची ती गोष्ट आपल्या मंडळींना जवळची वाटावी अशी आहे. माहिती केंद्रात स्मारकाविषयीचे प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात. तिथले लोक त्यासाठीच बसलेले असतात. दुकानांत आणि पबमध्ये मात्र हवापाणी, नदी, मासे यांपासून सुरुवात करावी आणि विषय त्यांनी काढला तरच बोलावे.

फिंच स्ट्रीटवर संत्र्याच्या झाडांची रांग आहे. हिवाळ्यात ती फळांनी लगडलेली असते, हाताला येतील इतक्या खाली फळे असतात, आणि नेमकी इथेच बाहेरून आलेली माणसे चुकतात. ही झाडे महायुद्धांत कामी आलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ लावलेली आहेत. फळे एरवी कोणी तोडत नाही, गावातील मुलेसुद्धा नाही, आणि ठरलेल्या दिवशी ती मुलांच्याच हातून उतरवली जातात. खाली पडलेले संत्रेही उचलू नये. झाडांखाली कॅराव्हॅन लावण्याचा तर विचारच नको.

पाव, दूध, भाज्या, इंधन यांपैकी जमेल ते गावातच घ्यावे. टॅमवर्थच्या मोठ्या दुकानातून सारा शिधा भरून आणून मोफत तळावर तीन रात्री काढणारा पाहुणा गावाच्या काही उपयोगाचा नसतो.

## टप्पा 8 : मुक्काम हलवणे

हा टप्पा पाचव्याच्या उलट क्रमाने : आधी गॅस बंद, मग पाणी, मग वीज, मग कोपऱ्यांचे पाय, मग गाडी जोडणे, आणि ओट्या सर्वांत शेवटी. संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, केवळ नेमून दिलेल्या डंप पॉइंटवरच रिकामी करावी. पार्काच्या स्वच्छतागृहात, सांडपाण्याच्या नळीत किंवा झुडपांत कधीही नाही. डंप पॉइंटवरचा नळ पिण्याच्या पाण्याचा नसतो, पिण्याची नळी त्याला जोडू नये. आतले फ्रिजचे दार, कपाटांचे खटके आणि छताची खिडकी बंद आहे का हे एकाने आत जाऊन आणि दुसऱ्याने बाहेरून फिरून पाहावे. पायरी उघडी राहणे आणि टीव्हीचा अँटेना वर राहणे या दोन विसरभोळ्या चुका सर्वांत जास्त होतात.

इन्व्हरेलकडे जायचे असल्यास डेलुंग्राचा रस्ता पुन्हा स्मारकावरूनच जातो. कॅराव्हॅन मागे लावून तिथे “शेवटचे एकदा” थांबू नये. भेट झालेली आहे आणि वळायला जागा शोधताना दुसऱ्यांची वाट अडते. वॉरिआल्डामार्गे जाणाऱ्यांना हा प्रश्नच येत नाही. कोणत्याही दिशेला गेले तरी पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर सुरक्षित जागी थांबून चाकांच्या तुंब्यांजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात नेऊन पाहावा : एक तुंबा इतरांपेक्षा फार तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकला आहे, पुढे जाऊ नये. चाकांचे नट, साखळ्या आणि हुक पुन्हा एकदा पाहूनच पुढचा रस्ता धरावा.